रसशास्त्रातली खनिजं: वर्गवारी समजून घेण्याची सुरुवात कशी करावी

रसशास्त्र, म्हणजे पारा आणि खनिजं यांपासून औषधं करण्याचं आयुर्वेदातलं शास्त्र, शिकायला घेतलं की पहिल्याच आठवड्यात तीन याद्या अंगावर येतात. महारस आठ, उपरस आठ, साधारण रस आठ. त्यांच्या मागोमाग धातू, रत्नं, उपरत्नं, सुधावर्ग, क्षार, लवणं. बहुतेक जण श्लोक घोकायला लागतात आणि परीक्षेच्या आदल्या रात्री चपल महारसात की उपरसात, यावर अडतात. मीही हेच केलं. श्लोक तोंडपाठ झाले, पण मोरचूद, अभ्रक आणि शिलाजीत ही तीन एकमेकांशी काही नातं नसलेली द्रव्यं एकाच गटात कशी, हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. कारण कळत नव्हतं म्हणून यादीही टिकत नव्हती.

कारण श्लोकातच दिलेलं असतं. उपरसांची आठ नावं सांगून झाली की श्लोक 'पारदकर्मणि' या शब्दावर संपतो. पाऱ्याच्या कामात लागणारी, म्हणून ही आठ. खनिज कशाचं बनलंय, हा या वर्गवारीचा प्रश्नच नाही. ते पाऱ्याच्या कितपत उपयोगी पडतं, हा तिचा प्रश्न आहे. एवढं मनात पक्कं ठेवून पुढच्या पायऱ्या चढा.

पायरी 1: कुठल्या काळातलं वर्गीकरण वाचताय ते आधी पाहा

संहितांच्या काळी पारा मध्यभागी नव्हता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पहिल्याच अध्यायात द्रव्यांचे उगमावरून तीन भाग केले आहेत: प्राण्यांपासूनची जांगम, वनस्पतींची औद्भिद आणि जमिनीतली भौम, म्हणजे पार्थिव. भौम औषधांत सोनं, पाच लोह आणि त्यांचे मल, वाळू, चुना, मनशीळ, हरताळ, रत्नं, मीठ, गेरू आणि अंजन एवढी नावं येतात. ही सरळ उगमावरून केलेली विभागणी आहे.

सुश्रुतसंहिता वेगळ्या वाटेने जाते. तिथे द्रव्यांचे गण आहेत आणि गण कामावरून पाडलेले आहेत. त्रप्वादि गणात कथील, शिसं, तांबं, चांदी, सोनं, लोखंड आणि लोहमल असे सगळे धातू एकत्र दिसतात. ऊषकादि गणात मात्र ऊषक म्हणजे खारी माती, सैंधव, शिलाजीत, दोन प्रकारचं हिराकस आणि मोरचूद यांच्या पंगतीत हिंग बसलेला आहे. हिंग तर झाडाचा चीक. रोगावर एकसारखं काम करतात, म्हणून सगळी एका गणात.

पाऱ्याला मध्यभागी ठेवणारी तिसरी पद्धत रसग्रंथांची. रसार्णव, रसेंद्रचूडामणि, रसरत्नसमुच्चय हे त्यातले प्रमुख ग्रंथ. आज वर्गात जी शिकवली जाते ती मुख्यतः रसरत्नसमुच्चयाची, म्हणून या लेखातही तीच धरली आहे.

पायरी 2: 'रस' आणि 'लोह' हे दोन शब्द नीट करून घ्या

आयुर्वेदात रस म्हणजे चव, रस म्हणजे शरीरातला पहिला धातू, रस म्हणजे वनस्पतीचा अंगरस. रसशास्त्रात मात्र रस म्हणजे पारा. सगळ्या धातूंना खाऊन टाकतो म्हणून तो रस, अशी व्युत्पत्ती रसरत्नसमुच्चय देतो. सोन्याचा वर्ख पाऱ्यावर ठेवला की बघता बघता नाहीसा होतो, हे ज्याने पाहिलंय त्याला ही व्युत्पत्ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. मग महारस म्हणजे पाऱ्याच्या कामातली मोठी मंडळी, उपरस म्हणजे त्यांच्या खालची आणि साधारण रस म्हणजे त्याहून बेताची.

दुसरा शब्द लोह. जुन्या ग्रंथात लोह म्हटलं की लोखंडच समजू नका. लुह् म्हणजे ओढणे, या धातूपासून तो शब्द साधला आहे आणि तो कुठल्याही धातूला लावतात. 'शुद्धलोह' वाचून शुद्ध केलेलं लोखंड असा अर्थ लावलात तर पुढची पानंच्या पानं चुकतील.

पायरी 3: तीन अष्टकं एका ग्रंथातून शिका, आणि हातात घेऊन शिका

महारस: अभ्रक, वैक्रांत, माक्षिक, विमल, शिलाजतु, सस्यक, चपल, रसक.

अभ्रकाचं नाव पहिलं का, हे समजलं की या गटाचा स्वभाव समजतो. यातल्या बहुतेक खनिजांतून तीव्र आचेवर सत्त्व, म्हणजे आतला धातूसारखा सार, काढायचे विधी दिलेले आहेत, आणि ते सत्त्व पाऱ्याला 'खाऊ घालायचं' असतं. पाऱ्यावर क्रमाने करायच्या प्रक्रियांत, म्हणजे संस्कारांत, अभ्रकाचा ग्रास (घास) हा महत्त्वाचा टप्पा, म्हणून त्याचा मान पहिला. माझ्या मते महारस म्हणजे 'सत्त्व देणारी खनिजं' असं टिपून ठेवलं तर नवख्या माणसाचं निम्मं काम होतं. शिलाजीत यात नीट बसत नाही असं तुम्हाला वाटेल. वाटू द्या, पण ग्रंथात त्याचंही सत्त्व सांगितलेलं आहे.

अभ्रकाचे चार प्रकार आहेत आणि ते निखाऱ्यावर ओळखतात. रसशाळेत, म्हणजे ही औषधं करायच्या जागी, गुरुजनांसमोर एकदा तरी हे बघाच. चिमट्यात धरलेला तुकडा लालभडक निखाऱ्यांवर ठेवतात. पिनाक असेल तर पापुद्रे एकेक करून सुटे होतात, जणू वहीची पानं उलटतायत. नाग असेल तर फुसफुसतो. मंडूक, ज्याला दर्दुरही म्हणतात, बेडकासारखा टुणकन उडतो. वज्राभ्रक मात्र ठेवला तसाच राहतो, फुगत नाही, आवाज करत नाही. औषधासाठी ग्राह्य तो हाच. चार नावं घोकायला मला दोन दिवस लागले होते आणि तरी क्रम चुकायचा. एका दुपारी निखाऱ्यासमोर बसून दोन प्रकार पाहिले, तेव्हापासून चारही पक्के आहेत.

माक्षिक आणि विमल ही जोडी सगळ्यांना चकवते. दोन्ही पिवळी, दोन्ही चमकदार, दोन्ही जड. आजच्या भाषेत सुवर्णमाक्षिक म्हणजे तांबं, लोखंड आणि गंधक यांचं खनिज. विमल म्हणजे लोखंड आणि गंधक यांचं, असं साधारणपणे मानतात. आता दोन्ही तुकडे तळहातावर घ्या. माक्षिकाला ठाशीव कोपरे नसतात. त्याच्या पिवळ्यावर कुठे कुठे निळसर-जांभळी झाक असते आणि ते तळहातावर घासलं की काळा डाग उमटतो. विमलाबद्दल ग्रंथ सांगतो की त्याला कोन असतात आणि फलक, म्हणजे सपाट बाजू असतात. बोट फिरवलं की कडा टोचते. निष्कोण आणि काळा डाग देणारं ते माक्षिक, कोनाफलकांचं ते विमल. हे वर्णन इतकं नेमकं आहे की लिहिणाऱ्याने दोन्ही तुकडे शेजारी ठेवूनच लिहिलं असावं, असं मला दर वेळी वाटतं.

सस्यक म्हणजे मोरचूद, तुत्थ. मोराच्या गळ्याच्या रंगाचं आणि वजनदार ते चांगलं, असं लक्षण आहे. मराठी नावातला मोर लक्षात ठेवला की झालं. मोरचुदाच्या पाण्यात घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा बुडवला तर त्यावर तांब्याचा लालसर थर चढतो. निळ्या खड्यात तांबं आहे, हे डोळ्यांनी दिसतं.

रसक म्हणजे खर्पर, जस्ताचं खनिज. धातूंच्या यादीत जस्त नाही, पण त्याचं खनिज महारसांत आहे, आणि त्यातून कथिलासारखं दिसणारं सत्त्व पडतं असं रसरत्नसमुच्चयात लिहिलंय. हे सत्त्व म्हणजे जस्तच. वाफ खाली ओढून ती थंड करायची, अशी युक्ती त्यात वर्णन केली आहे. राजस्थानात उदयपूरजवळ जावर इथे जुन्या जस्तभट्ट्यांचे अवशेष सापडले, तिथेही वाफ खालीच उतरवलेली दिसते. यशद या नावाने जस्त सात धातूंच्या यादीत दिसतं ते पुढे, 16व्या शतकातल्या भावप्रकाशात.

उपरस: गंधक, गैरिक, कासीस, कांक्षी, हरताल, मनःशिला, अंजन, कंकुष्ठ.

मराठी माणसाला हा गट सगळ्यात सोपा, कारण यातली बरीच नावं आपल्या ओळखीची आहेत. गैरिक म्हणजे गेरू, कासीस म्हणजे हिराकस, कांक्षी म्हणजे तुरटी, हरताल म्हणजे हरताळ. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार याच पिवळ्या दगडावरून आला. हस्तलिखितात चूक झाली की हरताळाचा लेप देऊन ती अक्षरं झाकून टाकत. (संपाला म्हणतात तो हरताळ वेगळा. तो हाट आणि ताळा यांच्यावरून आला.)

हरताळ आणि मनशीळ ही भावंडं आहेत, दोन्हींत आर्सेनिक (सोमलातला विषारी घटक) आणि गंधक. हरताळ पिवळी, मनशीळ लाल-नारिंगी. मनशीळ उजेडात उघडी ठेवली तर हळूहळू तिचा पिवळा भुगा होतो, म्हणून नमुना अंधारात ठेवतात. हरताळात पत्र आणि पिंड असे दोन प्रकार. पापुद्र्यांचं, सोन्यासारखं चमकणारं पत्र हरताळ श्रेष्ठ मानतात.

गंधक उपरसात का, हा प्रश्न पडायला हवा. कज्जली (पारा आणि गंधक खलून केलेली काळी भुकटी) गंधकाशिवाय होत नाही, पर्पटी (कज्जली वितळवून केलेली पातळ पापडी) होत नाही, कूपीतली, म्हणजे काचेच्या बाटलीत तापवून केलेली, बहुतेक रसायनं होत नाहीत. वापर पाहिला तर तो पाऱ्याच्या सगळ्यात जवळचा. तरीही त्याला महारसांत जागा नाही, उपरसांत पहिलं नाव तेवढं मिळालंय. वर सत्त्वाचा निकष सांगितला तो इथे उपयोगी पडतो. गंधकातून धातूचं सत्त्व मिळत नाही, तो स्वतःच पाऱ्यात जिरवतात. ही माझी समजूत आहे, पण शिकवताना ती मला नेहमी कामी आली. पिवळा, पिकलेल्या आवळ्यासारखा गंधक घ्यायचा, म्हणून त्याला आमलासार म्हणतात. त्याचं शोधन, म्हणजे शुद्ध करणं, तुपात वितळवून, कापडातून दुधात गाळून.

अंजनं पाच: सौवीरांजन, रसांजन, स्रोतोंजन, पुष्पांजन, नीलांजन. यातलं रसांजन खनिज नाहीच, ते दारुहळदीच्या काढ्यापासून करतात. हे आत्ताच खुणेने टिपून ठेवा.

साधारण रस: कंपिल्लक, गौरीपाषाण, नवसार, कपर्द, अग्निजार, गिरिसिंदूर, हिंगुल, मृद्दारशृंग.

इथे खनिज हा शब्द ताणावा लागतो. कंपिल्लक ही एका झाडाच्या फळावरची लाल भुकटी, कपर्द म्हणजे कवडी, अग्निजार समुद्रातून मिळणारा प्राणिज पदार्थ. बाकीची पाच खरी खनिज वाटणारी: गौरीपाषाण म्हणजे सोमल, नवसार म्हणजे नवसागर, हिंगुल म्हणजे हिंगूळ, मृद्दारशृंग म्हणजे मुरदाडशिंग, आणि गिरिसिंदूर. नवसागराबद्दल ग्रंथ म्हणतो की तो विटा भाजताना मिळतो, पांढुरका आणि हलका. मुरदाडशिंगाचा पत्ताही दिलाय: गुर्जरमंडलात, अर्बुद पर्वताच्या बाजूला, म्हणजे आजच्या अबूच्या परिसरात.

आता एका ग्रंथातून शिका असं का म्हटलं ते सांगतो. रसार्णव उघडलंत तर त्यातल्या आठ महारसांत अभ्रक आणि वैक्रांत नाहीत. त्यांच्या जागी दरद म्हणजे हिंगूळ आणि स्रोतोंजन आहेत. जो हिंगूळ एका ग्रंथात महारस, तोच दुसऱ्यात साधारण रस. दोन्ही बरोबर आहेत, कारण दोघांनी पाऱ्याच्या कामातला त्याचा वाटा वेगळा मोजला. पण सुरुवातीला दोन्ही एकत्र वाचलंत तर गोंधळ ठरलेला. एक यादी पक्की झाल्यावरच दुसरी उघडा.

पायरी 4: धातू

रसरत्नसमुच्चयाचे तीन गट. शुद्धलोह चार: सोनं, चांदी, तांबं, लोखंड. पूतिलोह दोन: शिसं आणि कथील, म्हणजे नाग आणि वंग. वितळवताना यांना दुर्गंध येतो, म्हणून पूति. मिश्रलोह तीन: पितळ, कांसं, वर्तलोह.

ही विभागणी आजच्या माणसालाही पटते, कारण मिश्रधातू वेगळे काढलेत आणि त्यांचं प्रमाणही दिलंय. कांसं म्हणजे आठ भाग तांबं आणि दोन भाग कथील. वर्तलोहात कांसं, तांबं, पितळ, लोखंड आणि शिसं अशी पाच. पुढे प्रत्येक धातूचे पोटभेद आहेत. लोखंडाचे मुंड, तीक्ष्ण आणि कांत. कथिलाचे खुरक आणि मिश्रक, त्यात खुरक घ्यायचं. तांब्याचे नेपाळ आणि म्लेच्छ, त्यात नेपाळ घ्यायचं.

पायरी 5: उरलेले वर्ग

रत्नं नऊ: माणिक, मोती, पोवळं, पाचू, पुष्कराज, हिरा, नीलम, गोमेद, वैडूर्य. उपरत्नांत सूर्यकांत, चंद्रकांत, राजावर्त, पेरोज, स्फटिक वगैरे येतात, यादी ग्रंथागणिक बदलते. वैक्रांत महारसातही दिसतो आणि उपरत्नातही. चूक समजू नका.

सुधावर्ग म्हणजे चुन्याचा वर्ग: शंख, शिंपला, कवडी, पोवळं, गोदंती. कवडी साधारण रसांत होती आणि पोवळं रत्नांत, ती दोन्ही इथे पुन्हा भेटतात. हा वर्ग बराचसा घटकांवरून पाडलेला आहे, म्हणून रसायनशास्त्र शिकून आलेल्याला तो लगेच समजतो. क्षारत्रयात जवखार, सज्जीखार आणि टाकणखार. लवणपंचकात सैंधव, सामुद्र, बिडलोण, पादेलोण आणि रोमक.

पायरी 6: नावांचे सापळे आणि वादाची द्रव्यं

एका द्रव्याला दहा-दहा पर्याय, म्हणजे दुसरी नावं, असतात. तुत्थ आणि सस्यक, दरद आणि हिंगुल, ताल आणि हरताल, बलि आणि गंधक, अद्रिज आणि शिलाजतु. श्लोकाच्या मात्रा जुळवायला कवी हवा तो पर्याय उचलतो. पर्याय माहीत नसले की पाठ अंधारात वाचल्यासारखा होतो, म्हणून पहिल्या महिन्यात पर्यायांवर मेहनत घ्या, गुणकर्म मागून आलं तरी चालेल.

काही द्रव्यांची ओळख आजही वादात आहे: चपल, वैक्रांत, कंकुष्ठ, अग्निजार, गिरिसिंदूर, आणि अंजनांपैकी काही. चपलासाठी बिस्मथ, कंकुष्ठासाठी रेवाचिनीचा चीक अशी मतं पुस्तकांत दिसतील. ती मत म्हणूनच लिहून घ्या. एका पुस्तकातलं समीकरण सिद्ध झालंय असं धरून चालू नका, विद्यार्थ्यांच्या वह्यांत ही चूक मी सर्वात जास्त पाहिली आहे.

पायरी 7: विषारी कोणती, ते वर्गाबरोबरच शिका

वर्गाचं नाव द्रव्याच्या विषारीपणाबद्दल काहीच सांगत नाही. गेरू आणि हरताळ दोन्ही उपरस. नवसागर आणि सोमल दोन्ही साधारण रस. म्हणून तुमच्या यादीत लाल शाईची खूण लागेल. ती कुठे करायची, हे कायद्याने बरंच सोपं केलंय. औषधे नियम, 1945 (आधीचं नाव औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) यांच्या अनुसूची ई-1 मध्ये आयुर्वेदातली विषारी द्रव्यं दिलेली आहेत. खनिजांत तिथे गौरीपाषाण, हरताल, मनःशिला, पारद, रसकर्पूर, तुत्थ, हिंगुल, सिंदूर आणि गिरिसिंदूर येतात. ही द्रव्यं असलेल्या पोटात घ्यायच्या औषधावर, वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावं, अशी सूचना छापावी लागते. यादीत नाव नाही म्हणून शिसं निरुपद्रवी ठरत नाही. नाग आणि मुरदाडशिंग यांनाही माझ्या वहीत लाल खूण आहे.

कळकळीने सांगतो: शिकायचं म्हणून घरी पारा, हरताळ, मनशीळ किंवा सोमल तापवू नका, खलही करू नका. त्यांची वाफ आणि धूळ घातक असते आणि पाऱ्याच्या वाफेला वासही नसतो. आच, खल आणि पुट (गोवऱ्यांच्या आगीत भाजणं) यांची जागा रसशाळा, तिथेही जाणत्याच्या नजरेखाली. ग्रंथातलं शोधन वाचून स्वतःसाठी किंवा दुसऱ्या कुणासाठी औषध करणं तर पूर्ण वर्ज्य.

पायरी 8: वही

एका द्रव्याला एक पान. पानावर सहा ओळी: पर्याय, मराठी नाव, वर्ग आणि कुठल्या ग्रंथाप्रमाणे, आजच्या रसायनात काय, ग्राह्य लक्षण, शोधन. पानाच्या मागच्या बाजूला श्लोक. लाल खूण उजव्या कोपऱ्यात. हिंगुळाचं पान असं भरेल.

पर्याय दरद, म्लेच्छ. मराठीत हिंगूळ. रसरत्नसमुच्चयात साधारण रस, रसार्णवात महारस. पारा आणि गंधक यांचं संयुग, शुद्ध असेल तर 100 ग्रॅममध्ये साधारण 86 ग्रॅम पारा. प्रकार चर्मार, शुकतुंड आणि हंसपाद, त्यात हंसपाद श्रेष्ठ. शोधन आल्याच्या रसाच्या सात भावना देऊन, म्हणजे त्या रसात सात वेळा खलून सुकवून. खाली एक टीप: ऊर्ध्वपातनाने, म्हणजे तापवून वाफ वर चढवून, यातून निघणारा पारा तो हिंगुलोत्थ पारद. उजव्या कोपऱ्यात लाल खूण.